‘सस्पेन्शन’ अर्थात निलंबन : अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी कचेऱ्यांतून मराठी बोलीत आलेल्या इंग्रजी शब्दांपैकी ‘सस्पेन्शन’ हा शब्द घराघरांत पोचला, पण त्याचा नेमका अर्थ मात्र फारसा पोचला नाही. ‘अमुक सस्पेंड झाला’ एवढे कानावर आले की ऐकणाऱ्याच्या मनात त्या माणसाची नोकरी गेलेली असते, त्याचा गुन्हा सिद्ध झालेला असतो आणि त्याच्या घरच्यांकडे पाहण्याची नजरही बदललेली असते. आस्थापना शाखेत अनेक वर्षे काम करताना मी असे आदेश टंकलिखित होताना पाहिले, त्यांची नस्ती (फाइल) सांभाळली आणि ते आदेश हाती पडलेल्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरेही दिली. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र मांडली आहेत.

‘सस्पेन्शन’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि त्याला ‘निलंबन’ हाच प्रतिशब्द का?

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘टांगणे, लोंबकळत ठेवणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. आपल्या ‘निलंबन’ शब्दात ‘लम्ब्’ हा संस्कृत धातू आहे आणि त्याचाही अर्थ लोंबणे, टांगलेले असणे असाच आहे. विलंब, अवलंबन, आलंबन, प्रलंबित हे सारे त्याच धातूचे गोत. गंमत अशी की कचेरीतला ‘पेंडिंग’ हा शब्दही त्याच लॅटिन क्रियापदापासून आलेला आहे आणि त्यासाठी आपण वापरतो तो ‘प्रलंबित’ हा शब्दही त्याच ‘लम्ब्’पासून. दोन भाषांमध्ये इतका सरळ मेळ बसलेले पारिभाषिक शब्द थोडेच असतात, म्हणून हा प्रतिशब्द मला मनापासून आवडतो. तो बोजड नाही, आणि नीट ऐकला तर स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतो : निर्णय अजून झालेला नाही, गोष्ट टांगलेली आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही पाण्यात न विरघळता तरंगत राहणाऱ्या बारीक कणांच्या मिश्रणाला ‘निलंबन’च म्हणतात. ते कण तळाशी बसलेले नसतात आणि पाण्यात मिसळूनही गेलेले नसतात. निलंबित कर्मचाऱ्याची स्थितीही नेमकी तशीच असते.

निलंबन ही शिक्षा आहे का?

शासकीय सेवेपुरते याचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील चौथा नियम निलंबनाविषयी आहे आणि शिक्षांची यादी त्यानंतर पाचव्या नियमात येते. ठपका ठेवणे, वेतनवाढ किंवा पदोन्नती रोखणे, शासनाच्या झालेल्या नुकसानीची वेतनातून वसुली करणे, खालच्या पदावर आणणे, सक्तीने सेवानिवृत्त करणे, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे अशा शिक्षा त्या यादीत आहेत. निलंबन त्यात नाही. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याने कागदपत्रांत फेरफार करू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये, किंवा ज्या पदाच्या अधिकाराबद्दल शंका उभी राहिली आहे त्याच पदावर बसून त्याने निर्णय घेत राहू नये, एवढाच या व्यवस्थेमागचा हेतू असतो. राज्यघटनेच्या ३११व्या अनुच्छेदाने दिलेले संरक्षणही बडतर्फी, सेवेतून काढणे आणि पदावनती या तिन्हींना लागू होते. निलंबन ही शिक्षा नसल्यामुळेच ते करण्यापूर्वी त्या अनुच्छेदाप्रमाणे चौकशी करावी लागत नाही.

यातून एक अवघड गोष्ट उद्भवते आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये असे मला वाटते. शिक्षा नसल्यामुळे निलंबन सहज करता येते, आणि सहज करता येत असल्यामुळे ते पुष्कळदा शिक्षेसारखे वापरले जाते. वर्तमानपत्रात बातमी आली, सभागृहात प्रश्न उपस्थित झाला किंवा जमाव कचेरीवर चालून आला की सर्वांत आधी कोणा तरी कनिष्ठ कर्मचाऱ्याचे निलंबन होते. नियमाला हे अपेक्षित नाही. मुद्दा बदलीने सुटण्यासारखा असेल तर आधी त्याचा विचार झाला पाहिजे.

निलंबित, बडतर्फ आणि सेवेतून काढून टाकलेला यांत फरक काय?

निलंबित माणूस नोकरीतच असतो. त्याचे पद, त्याची ज्येष्ठता आणि शासनाशी असलेले त्याचे नाते कायम असते. केवळ काम करण्याचा अधिकार आणि पूर्ण वेतन काही काळापुरते थांबलेले असते. म्हणूनच वर्तणूक नियम त्याला लागू राहतात, तो दुसरी नोकरी किंवा धंदा करू शकत नाही, आणि आदेशात नमूद केलेले मुख्यालय पूर्वपरवानगीशिवाय सोडू शकत नाही. त्या काळात त्याला रजा मंजूर करता येत नाही, कारण जो कामावरच नाही त्याला कामातून रजा कशी देणार?

बडतर्फ माणसाचे हे नाते तुटलेले असते. हा शब्द फारसीतून आला असून ‘बर-तरफ’ म्हणजे एका बाजूला सारलेला असा त्याचा अर्थ आहे. बडतर्फी आणि सेवेतून काढून टाकणे या दोन शिक्षांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे : सेवेतून काढून टाकलेला माणूस पुढे शासकीय नोकरीसाठी अपात्र ठरत नाही, तर बडतर्फ झालेला सामान्यतः ठरतो. बातम्यांमध्ये हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, तेव्हा वाचणाऱ्यापर्यंत चुकीची माहिती जाते. ‘सक्तीची रजा’ ही आणखी वेगळी गोष्ट आहे. तिला निलंबन म्हणता येत नाही.

निलंबन कधी करता येते? ‘मानीव निलंबन’ म्हणजे काय?

शिस्तभंगाची कार्यवाही चालू असेल किंवा योजली असेल, राज्याच्या सुरक्षिततेला बाधक कृत्याचा आरोप असेल, अथवा फौजदारी गुन्ह्याचा तपास, चौकशी किंवा खटला चालू असेल, अशा परिस्थितीत सक्षम प्राधिकारी, म्हणजे तो अधिकार असलेला अधिकारी, निलंबनाचा आदेश काढू शकतो. ‘काढू शकतो’ या शब्दांवर माझा भर आहे. गुन्हा नोंदवला गेला म्हणून निलंबन आपोआप होत नाही.

आपोआप होते ते मानीव निलंबन. कर्मचारी पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत ४८ तासांहून अधिक काळ राहिला, तर अटकाव सुरू झाल्याच्या दिनांकापासून तो निलंबित झाला असे मानले जाते, मग औपचारिक आदेश नंतर कितीही दिवसांनी निघो. ४८ तासांपेक्षा जास्त कारावासाची शिक्षा झाली आणि लगेच बडतर्फी वगैरे झाली नाही, तरीही तसेच होते. ‘मानीव’ हा शब्द अनेकांना कृत्रिम वाटतो, पण ‘कायद्याने असे धरले जाईल’ हा आशय तो एका शब्दात सांगतो आणि त्याला चांगला पर्याय मला सापडलेला नाही.

निलंबनाच्या काळात घर कसे चालते? निर्वाह भत्ता किती मिळतो?

माझ्याकडे सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि तो बहुधा कर्मचारी स्वतः विचारत नसे. त्याची पत्नी, वडील किंवा थोरला मुलगा येऊन विचारत असे. उत्तर महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, १९८१ यांच्या ६८व्या नियमात आहे. पहिल्या तीन महिन्यांत अर्धवेतनी रजेवर असताना जितके रजावेतन मिळाले असते तितका, म्हणजे ढोबळमानाने निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता आणि त्यावर अनुज्ञेय महागाई भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर त्याचा फेरविचार करता येतो. निलंबन लांबण्याला कर्मचारी जबाबदार नसेल तर भत्त्यात त्या भत्त्याच्या निम्म्याइतकी वाढ करता येते, म्हणजे तो सुमारे पाऊण वेतनाला पोचतो. विलंबाला कर्मचारीच कारणीभूत असेल तर तो तितकाच कमी करता येतो, म्हणजे सुमारे पाव वेतनापर्यंत येतो.

भत्ता मिळण्यासाठी कर्मचाऱ्याने आपण अन्य कोणतीही नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करीत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हे प्रमाणपत्र वेळेवर न दिल्यामुळे महिनोन्‌महिने भत्ता अडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि कित्येकदा असे प्रमाणपत्र द्यायचे असते हे त्या माणसाला कोणी सांगितलेलेच नसे. एका घरात निलंबनाच्या आदेशानंतर पाच महिने एक रुपयाही आला नव्हता. कारण विचारले तेव्हा ‘अर्ज नाही’ एवढेच उत्तर नस्तीवर होते. संबंधितांनी आदेशाबरोबरच प्रमाणपत्राचा नमुना जोडून दिला असता, तर ते पाच महिने तसे गेले नसते.

निर्वाह भत्ता म्हणजे शासनाची मेहरबानी नव्हे. पूर्वीच्या मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती की फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याला अपील प्रलंबित असताना महिना केवळ एक रुपया नाममात्र भत्ता द्यावा. महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अवैध ठरवली. ज्या भत्त्यात निर्वाहच होत नाही त्याला निर्वाह भत्ता म्हणता येणार नाही, हे त्या निर्णयाचे मर्म आहे. शब्दाचा अर्थ गंभीरपणे घेतल्याने काय घडू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

निलंबन किती काळ चालू शकते?

नियमानुसार आदेश मागे घेईपर्यंत किंवा त्यात बदल होईपर्यंत तो अमलात राहतो, आणि याच वाक्याच्या आधारे पूर्वी निलंबने वर्षानुवर्षे चालत. अजयकुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितले की तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र बजावले गेले नाही, तर निलंबनाचा आदेश त्यापुढे चालू ठेवता कामा नये, आणि दोषारोपपत्र बजावले असेल तर मुदतवाढीसाठी कारणांसह आदेश काढला पाहिजे. महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ही ९० दिवसांची शिस्त आपल्या कार्यालयांना लागू केली.

गोव्यातील वाचकांसाठी एक वेगळी नोंद आवश्यक आहे. तेथील शासकीय कर्मचाऱ्यांना केंद्राचे १९६५ चे नागरी सेवा नियम लागू आहेत. त्यांच्या दहाव्या नियमानुसार ९० दिवसांच्या आत आढावा घेऊन मुदतवाढ दिली नाही तर निलंबन वैध राहत नाही, आणि मुदतवाढ एका वेळी १८० दिवसांपेक्षा अधिक देता येत नाही. त्यामुळे सावंतवाडीचा आणि पेडण्याचा कर्मचारी दोघेही ‘निलंबित’च म्हणवले जात असले, तरी त्यांच्या हक्कांची मांडणी एकसारखी नाही.

आदेशाविरुद्ध दाद कोठे मागावी?

निलंबन ही शिक्षा नसली तरी त्या आदेशाविरुद्ध अपील करता येते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे, आणि त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे बोलीतले ‘मॅट’, हा मार्ग असतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मात्र १९६४ चे स्वतंत्र शिस्त व अपील नियम लागू असून ‘मॅट’चे अधिकारक्षेत्र त्यांना लागू होत नाही. चुकीच्या ठिकाणी अर्ज करण्यात मुदत निघून गेल्याचे प्रसंग घडतात, म्हणून प्रथम आपण कोणत्या नियमांखाली येतो हे पाहावे.

पुन्हा कामावर घेतल्यावर निलंबनाचा काळ कसा धरतात?

येथे दोन शब्द नीट वेगळे ठेवावे लागतात. ‘निलंबन मागे घेतले’ याचा अर्थ माणूस कामावर परत आला; ‘दोषमुक्त झाला’ याचा अर्थ आरोप सिद्ध झाले नाहीत. पहिली गोष्ट दुसरीच्या आधी घडू शकते आणि पुष्कळदा घडते. चौकशी चालू असतानाच कर्मचाऱ्याला अकार्यकारी पदावर पुनःस्थापित केले जाते आणि शेजारीपाजारी समजतात की प्रकरण मिटले. चौकशीअंती निलंबन पूर्णतः असमर्थनीय होते असे ठरले, तर तो काळ सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ मानून पूर्ण वेतन मिळते आणि आधी दिलेला निर्वाह भत्ता त्यातून वजा होतो. एरवी किती वेतन द्यायचे आणि तो काळ कसा धरायचा याचा निर्णय सक्षम प्राधिकाऱ्याला, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून, स्वतंत्र आदेशाने करावा लागतो. हा दुसरा आदेश काढायचे राहून जाते आणि ते निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तकाची पडताळणी होताना लक्षात येते. ज्यांचे निलंबन मागे घेतले गेले आहे त्यांनी तो आदेश मागून घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

निलंबित असतानाच निवृत्तीचे वय झाले तर?

निवृत्ती ठरल्या तारखेलाच होते. चौकशी प्रलंबित असल्यास निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधील १३०व्या नियमानुसार तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र निकाल लागेपर्यंत रोखले जाते.

कारखान्यात किंवा खासगी शाळेत हाच अर्थ लागू होतो का?

अंशतः. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, चौकशीपूर्वीचे निलंबन तर आहेच, पण त्याखेरीज गैरवर्तनाबद्दल चार दिवसांपर्यंतचे निलंबन ही शिक्षा म्हणूनही सांगितलेली आहे. म्हणजे तेथे एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात आणि पत्रात ‘चौकशीअधीन निलंबन’ की ‘शिक्षेदाखल निलंबन’ हे स्पष्ट लिहिणे गरजेचे असते. चौकशीअधीन निलंबनात कामगाराला पहिल्या ९० दिवसांत वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता देण्याची तरतूद १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात पुढे घालण्यात आली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी १९८१ ची स्वतंत्र नियमावली आहे. शिक्षण खात्याची पूर्वमान्यता न घेता संस्थेने शिक्षकाला निलंबित केले, तर निर्वाह भत्त्याचा भार संस्थेवर येतो.

आमदार-खासदारांचे ‘निलंबन’ कोणत्या अर्थाने?

सभागृहात निलंबन ही शिस्त राखण्यासाठी केलेली, ठरावीक मुदतीची कार्यवाही असते, आणि तिच्या मुदतीवरूनच महाराष्ट्रात एक महत्त्वाचा निकाल घडला. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भारतीय जनता पक्षाच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी तो ठराव, चालू अधिवेशनाच्या पलीकडे जाणाऱ्या भागापुरता, घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाच्या विवेचनात एक साधा पण भेदक मुद्दा होता : सदस्याला काढून टाकले तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणुकीने मतदारसंघाला नवा प्रतिनिधी मिळतो, वर्षभर निलंबित ठेवले तर प्रतिनिधी असूनही मतदारसंघ मुका राहतो. म्हणजे टांगून ठेवणे हे काढून टाकण्याहूनही जड होऊ शकते. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार निलंबित झाले, तेव्हाही प्रश्न मुदतीचा आणि प्रतिनिधित्वाचाच होता.

‘स्थगित’, ‘तहकूब’, ‘संस्थगित’ आणि ‘निलंबित’ यांपैकी कोणता शब्द कोठे?

बैठक थोड्या वेळापुरती किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली तर ती तहकूब होते. अधिवेशनाची राज्यपालांच्या आदेशाने सांगता झाली तर ते संस्थगित होते. आदेशाची किंवा शिक्षेची अंमलबजावणी थांबली तर स्थगिती मिळते. व्यक्ती, परवाना किंवा मान्यता यांचा प्रभाव काही काळ थांबवला तर निलंबन होते. शस्त्र परवाना किंवा औषध दुकानाचा परवाना ‘निलंबित’ होतो तेव्हा तो पुन्हा जिवंत होऊ शकतो, ‘रद्द’ झाला तर नव्याने घ्यावा लागतो.

न्यायालयीन बातम्यांत एक भेद विशेष जपावा लागतो : शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावून अपिलासाठी ती लगेच स्थगितही केली, तरी त्यांची खासदारकी गेली, कारण दोषसिद्धी कायम होती. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तेव्हा ती परत मिळाली.

मराठीत लिहिताना नेमकी वाक्यरचना कशी ठेवावी?

‘निलंबनाची शिक्षा’ हा शब्दप्रयोग शासकीय कर्मचाऱ्याच्या संदर्भात टाळावा. ‘निलंबनाची कारवाई’ चालेल. अनेक आदेशांत ‘शासन सेवेतून निलंबित करण्यात येत आहे’ असे वाक्य असते आणि ते इतके रुळले आहे की कोणाला खटकत नाही, परंतु ‘सेवेतून’ या शब्दामुळेच वाचणाऱ्याला नोकरी गेल्याचा भास होतो. त्याऐवजी ‘या आदेशाच्या दिनांकापासून निलंबनाधीन ठेवण्यात येत आहे’ असे लिहिले तर अर्थ अचूक राहतो. ‘निलंबन रद्द’ आणि ‘निलंबन मागे’ यांतही फरक करावा : आदेश मुळातच चुकीचा ठरला तर तो रद्द होतो, गरज संपली म्हणून उठवला तर तो मागे घेतला जातो. बातमीत लिहिताना ‘चौकशी प्रलंबित असून तोपर्यंत त्यांना निलंबित करण्यात आले आहे’ एवढे एक वाक्य जोडायला जागा फारशी लागत नाही, आणि गावात त्या घराकडे पाहणाऱ्यांना ते वाक्य वाचायला मिळणे गरजेचे असते.